नावाची जागा

कुंदाताई साळवीची अंघोळ झाली की आमच्या अख्ख्या मजल्याला कळायचं. आधी बाथरूमची कडी वाजायची, मग घराचं दार उघडायचं, आणि मग पॅसेजमध्ये चपलांची फटफट सुरू. या टोकाच्या खिडकीपासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपाशी गर्रकन वळायचं आणि परत. हातात लाकडी फणी. ती केसांसाठी नव्हे, दंडांवर आणि पोटऱ्यांवर घासायला. "पाणी लागलं की अंगभर मुंग्या येतात गं," म्हणायची. "लाल मुंग्या. जरा चालले की जातात." चालता चालता कुणाच्या तरी दारात थांबायची, "काय केलंयस आज?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत पुढे गेलेली असायची.

आता पॅसेज रिकामा असतो. तरी सकाळी डबा भरताना माझे कान उभे राहतात, आणि मग माझा मलाच राग येतो. बाई गेली, तिचं सगळं आम्ही रीतसर केलं, मग कान कशाला टवकारायचे? पण त्या फटफटीनं माझी इतकी वर्षं सकाळ झाली की आता शांततेनं माझं डोकं उठतं. ती होती तेव्हा आवाजानं उठायचं, हा भाग निराळा.

मी शुभा, तिच्या समोरच्या दारातली. मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडच्या गल्लीत आमची बिल्डिंग. मजल्यावर दोन घरं मराठी, एक गुजराती, एक केरळी, आणि एका घरात भाडेकरू बदलत राहतात. कुंदाताई माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, रत्नागिरीकडची, अंगानं भरलेली आणि गालांनी लालबुंद. तिचा नवरा, आमचे साळवी भावोजी, बस डेपोतून रिटायर झालेले आणि स्वभावानं इतके गरीब की त्यांच्या वाटचं बोलणंसुद्धा कुंदाताईच बोलायची. त्यांना रक्त दिसलं की घेरी यायची. म्हणून पुढे दवाखान्याच्या सगळ्या खेपांना तिच्याबरोबर मी गेले. नाहीतर माझा काय संबंध?

तिचं काम भांड्यांवर नावं घालायचं. भाईंदर पूर्वेला बाजारात एका शेठचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या दारातच स्टुलावर बसून ती ते घरघरणारं पेनासारखं मशीन चालवायची. बारशाची वाटी, रुखवताचा डबा, वास्तुशांतीचं पातेलं, सगळ्यांवर तिच्या हातचं अक्षर. मराठी, गुजराती, हिंदी लिहायची. नया नगरातल्या बायका कागदावर उर्दूत नाव लिहून आणायच्या, तर ती ते बघून बघून चित्रासारखं काढून द्यायची, आणि बरोबर निघायचं. एरवी एका जागी मिनिटभर न टिकणारी ही बाई मशीन हातात घेतलं की दगडासारखी स्थिर व्हायची.

त्या कामात तिचे नियम होते. भांड्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच. "नुसतं 'सप्रेम भेट' घालून काय उपयोग? उद्या ती पोर मोठी झाली, वाटीत दूधभात खायला लागली, तिला कळायला नको कुणी दिली ते?" बारशाच्या आधीच कुणी वाटी घेऊन आलं आणि बाळाचं नाव ठरलेलं नसलं, तर ती 'चि.' काढायची, पुढे मोकळी जागा ठेवायची, त्यापुढे देणाऱ्याचं नाव. "जागा सोडलीय," असं गिऱ्हाइकाला बजावून सांगायची. "नाव ठरलं की घेऊन या. विसरू नका, नाहीतर पोर बिननावाचंच राहील."

घरचा नियम आणखी कडक. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. हे सगळ्याच घरांत पाळतात, पण कुंदाताई त्याच्यापुढे गेली होती. घरात काही नसलं तर चार दाणे साखर, कढीपत्त्याची एक काडी, गेला बाजार एखादं लिंबू, पण वाटीत काहीतरी पाहिजेच. "रिकामी गेली तर वाटीला लाज वाटते," म्हणायची. केरळी शेजारणीला हा प्रकार ठाऊक नव्हता. तिनं एकदा सांबार पाठवलं, तर वाटी पोहे घेऊन परत गेली. मग तिला वाटलं आपण काहीतरी द्यायला पाहिजे, तिनं इडल्या पाठवल्या, तर सोलकढी आली. महिनाभर त्या दोघी एकमेकींचा पिच्छा पुरवत होत्या.

आता त्या बक्षिसाची गोष्ट सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. त्या वर्षी आमच्या महिला मंडळानं हळदीकुंकवाबरोबर रक्त तपासायचं शिबिर ठेवलं. अध्यक्ष देसाईवहिनींना नुसती तपासणी फिकी वाटली. त्यांनी जाहीर केलं की ज्या बाईचं हिमोग्लोबिन सगळ्यात जास्त, तिला बक्षीस. मोठा स्टीलचा डबा, त्यावर 'सुदृढ गृहिणी'. डबा अर्थातच कुंदाताईच्या दुकानातून आला, अक्षर तिचंच, आणि नावाची जागा सोडलेली.

एकेकीचं बोट टोचलं. कुणाचं नऊ, कुणाचं दहा, माझं त्याहून जरा कमीच. कुंदाताईचा नंबर आला तेव्हा तपासणाऱ्या मुलीनं आकडा बघितला, पुन्हा टोचलं, पुन्हा बघितला. ती काहीतरी बोलत होती. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं, "मावशी, हे फारच जास्त आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या." पण तोवर देसाईवहिनींनी माइक घेतला होता. टाळ्या झाल्या. कुंदाताईला नारळ दिला, फुलं दिली, 'कोकणातलं पाणीच वेगळं' असं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात त्या मोकळ्या जागेत स्वतःचं नाव स्वतः घातलं. आजाराचं बक्षीस घेतलेली बाई आमच्या बिल्डिंगशिवाय दुसरीकडे सापडायची नाही.

वर्षभरानं डोकेदुखी सुरू झाली. तळपाय पेटल्यासारखे व्हायचे, बोटांची टोकं जांभळी पडायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि सरळ रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं सावकाश. त्यांनी आधी गाल बघितले, तळहात बघितले, आणि मग विचारलं, "अंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटते का?"

कुंदाताईनं माझ्याकडे बघितलं. मी फणीची गोष्ट सांगितली.

आजार असा होता की हाडांच्या आत रक्त तयार होतं तो कारखाना थांबायचं विसरला होता. रक्त वाढत जातं, दाट होतं, आणि दाट रक्ताची गुठळी कुठंही अडकू शकते, मेंदूत, हृदयात. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं चित्र काढून समजावलं.

"थांबायचं विसरलाय म्हणजे माझ्यासारखाच की," कुंदाताई म्हणाली. मग एकदम सरळ विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"त्याच घराण्यातला आहे," बाई म्हणाल्या. "पण चालीनं हळू. नीट सांभाळला तर माणसं पुष्कळ वर्षं चांगली जगतात. मोकळा मात्र सोडता येत नाही."

उपचार काय, तर रक्त काढून टाकायचं. रक्तदानाला भरतात तशी पिशवी भरायची, सुरुवातीला थोड्या थोड्या दिवसांनी, मग अंतर वाढवत न्यायचं. शिवाय रोज एक छोटी गोळी, गुठळी होऊ नये म्हणून. कुंदाताई खाटेवर आडवी, पाय हलतच होते. पिशवी भरत आली तशी तिनं नर्सला विचारलं, "हे कुणाला देणार?"

"कुणाला नाही, मावशी. आजारातलं रक्त चालत नाही. टाकून देणार."

"अख्खी पिशवी?"

"अख्खी."

घरी येताना रिक्षात ती गप्प. कुंदाताई साळवी गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली. काशीमिऱ्याचा सिग्नल गेला, तरी गप्प. शेवटी म्हणाली, "शुभा, कढीपत्त्याची काडी फुकट घालवत नाही गं मी." आणि पदरानं नाक पुसलं. मी रिक्षावाल्यावर उगाचच खेकसले.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की कुंदाताईचं रक्त काढतात. झालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं की लोहाची गोळी, टॉनिक काही घ्यायचं नाही. थकवा येईल, तो सोसायचा. कारखान्याला कच्चा मालच कमी द्यायचा. पण रक्त काढलेल्या बाईला खायला घालायचं नाही हे आमच्यात कुणाला पटणार? अळिवाचे लाडू आले, बीट आलं, खजूर आला. ती दारोदार जाऊन समजावत होती की मला रक्त जास्त आहे. "हो हो," म्हणायच्या बायका आणि आणखी दोन लाडू ठेवायच्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन तर चिडल्याच. "खून भी निकालते हैं और ताकत की दवा भी मना? ये कैसा डॉक्टर है?" त्यांच्या मुलाचं औषधांचं दुकान. त्यांनी लाल टॉनिकच्या बाटल्या आणून दिल्या. कुंदाताईनं लाडू वाटून टाकले, पण टॉनिक घेत राहिली. मला पत्ताच नाही. ती तेव्हा खरोखर थकायची, स्टुलावर चढताना दम लागायचा, आणि टॉनिक घेतलं की तरतरी वाटायची. त्यात लग्नसराई आली. नावांची रांग लागलेली, म्हणून रक्त काढायची एक तारीख चुकवली, मग दुसरी.

पलीकडच्या मोरवा गावातली एक बाई मुलीच्या लग्नासाठी मोठं पातेलं घेऊन आली होती. कुंदाताई त्यावर मुलीचं नाव घालत होती आणि मधेच अक्षर घसरलं. काठापर्यंत एक लांबलचक रेघ गेली. मशीन खाली पडलं. शेठ सांगतात, ती स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघत होती जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बोलायला गेली तर जीभ जड. शेठनं दुकान तसंच सोडून तिला रिक्षात घातलं.

संध्याकाळपर्यंत हात परत आला. वाचा आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूचना होती. प्रत्येक वेळी सूचना मिळतेच असं नाही." रक्त पुन्हा दाट झालं होतं. खोदून विचारल्यावर टॉनिकचं बाहेर आलं; कुणी दिलं असं त्यांनी विचारलं, तर कुंदाताई म्हणाली, "मीच आणलं विकत."

मला खरं कळलं ते घरी आल्यावर, बाटलीवर हंसाबेनचं गुजराती अक्षर बघून. मी तशीच जिन्याकडे निघाले, हंसाबेनला दोन शब्द सुनवायला. कुंदाताईनं माझं मनगट धरलं. त्याच हातानं. पकड नेहमीपेक्षा सैल होती, तेच मला जास्त लागलं.

"गप बस," म्हणाली. "तिनं मायेनं दिलंय. तिला कळलं ना, तर उद्यापासून कुणालाच काही देताना तिचा हात आखडेल."

हंसाबेनला आजतागायत माहीत नाही. त्या मराठी वाचत नाहीत, म्हणून हे लिहितेय.

मोरव्याची बाई दुसऱ्या आठवड्यात पातेलं न्यायला आली. कुंदाताईनं नवीन पातेलं पुढे केलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. नाव हाय ना त्याच्यावर? रेघेनं काय बिघडत न्हाय." आणि तेच घेऊन गेली. कुंदाताई मला म्हणाली, "बघ, माझा झटका लग्नात रुखवतात मांडणार."

त्यानंतर प्रश्न आला कॅप्सूलचा. नुसतं रक्त काढून आता भागणार नव्हतं. कारखान्यालाच लगाम घालणारं औषध रोज घ्यायचं, वर्षानुवर्षं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की ही केमोची गोळी, हिच्यामुळे पुढे भलतंच होतं. बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. मी स्वतः रोज एका पक्षात जात होते. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना, आणि गोळी घ्यायची होती तिला, मला नव्हे.

कुंदाताई डॉक्टरीणबाईंपुढे बसली, पाय हलवत. "खरं काय ते सांगा."

बाईंनी सांगितलं. तोंडात फोड येतील, नखं काळी पडतील, जखम लवकर भरणार नाही, उन्हाला जपावं लागेल. रक्त प्रमाणाबाहेर खाली जाऊ नये म्हणून सतत तपासावं लागेल. फार पुढचं, काही लोकांच्या बाबतीत हा आजारच वळण बदलतो. त्यात गोळीचा वाटा किती, हे एका माणसापुरतं कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. आणि गोळी नाही घेतली तर गुठळीची टांगती तलवार आहेच, एक झटका येऊन गेलाय.

"म्हणजे दोन्हीकडे धोका."

"हो."

"बिनधोक मी मागतच नाही," कुंदाताई म्हणाली. "मला त्यातल्या त्यात हात शाबूत ठेवणारा धोका द्या."

"मग कॅप्सूल. आणि तपासणी चुकवायची नाही."

"द्या."

आणि ती गोळी तिनं घेतली. सांगून ठेवते, त्या गोळीनं तिला पुष्कळ वर्षं दिली, चांगली वर्षं. तोंडात फोड आले की माशाचं तिखट कालवण बंद, तेव्हा तिच्या वाऱ्याला कुणी उभं राहायचं नाही. घोट्याला एक जखम झाली ती कितीतरी महिने बुजेना. बारा महिने छत्री, भर थंडीत छत्री. लोक हसायचे, तर म्हणायची, "तुम्हाला पाऊस दिसत नाही, मला दिसतोय." दर तपासणीचा रिपोर्ट ती स्वतः कधी वाचायची नाही. माझ्या हातात द्यायची आणि पॅसेजमध्ये फेऱ्या सुरू करायची. मी आकडे बघायची, बरे असले तर दारातून हात वर करायची. एकदा माझा चष्मा सापडेना, मला आकडे दिसेनात, आणि ती वाचून घ्यायला काही थांबेना, फिरतच राहिली. शेवटी भावोजींनी मोठ्यानं रिपोर्ट वाचून दाखवला. आकडे बरे होते. पुढे काही दिवस भावोजी जरा मान वर करून चालत होते.

मग गालांची लाली उतरायला लागली. इतकी हळूहळू की आम्हाला आनंदच झाला. "बारीक झालीस, छान दिसतेस," देसाईवहिनी म्हणाल्या. "रंग उजळलाय." ज्या बायकांनी लाल गालांसाठी नारळ दिला होता, त्याच आता फिकट गालांचं कौतुक करत होत्या. कुंदाताई जेवायला बसली की चार घासांत हात धुवायची. डाव्या बरगडीखाली वरवंटा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायची. आणि अंघोळीनंतर तिला चालणं होईना. भिंतीला हात लावत ती अर्ध्या पॅसेजपर्यंत यायची, माझ्या दारापाशी थांबायची आणि "काय केलंयस?" विचारून उत्तर ऐकत उभी राहायची. ती उत्तर ऐकायला लागली तेव्हाच मी घाबरले.

हाडातून तपासणी झाली. न थांबणारा कारखाना आता आतून कडक होऊन बंद पडत चालला होता. प्लीहा वाढली होती. रक्त बनतच नव्हतं.

"गोळीमुळे झालं का?" तिनं विचारलं.

"मला खात्रीनं सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार काहींमध्ये इतक्या वर्षांनी आपणहून असाच वळतो. पण गोळीनं तुम्हाला झटक्यापासून सांभाळलं, एवढं मी सांगू शकते."

"ते मला माहीत आहे. नुसतं विचारलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नवी औषधं होती, त्यांचेही आपापले धोके. पण आधी रक्त चढवणं भाग होतं. हिमोग्लोबिन माझ्याहूनही खाली गेलं होतं. आणि इथे कुंदाताई अडून बसली. "रक्त घेणार नाही," म्हणाली.

आम्ही समजावलं, भांडलो. मी तर नाही नाही ते बोलले. तिचं एकच. "इतकी वर्षं माझं रक्त गटारात गेलं, कुणाला उपयोगी पडलं नाही. आता दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं घेऊ? परत काय देऊ? आणि कुणाला देऊ? त्या पिशवीवर नाव तरी असतं का?"

भावोजी तेवढ्यात उठले, शर्ट बदलला आणि मला म्हणाले, "चला. मी देतो." रक्त बघून घेरी येणारा माणूस. रक्तपेढीत खुर्चीवर डोळे घट्ट मिटून बसले, घामानं भिजलेले. तिथल्या माणसानं वय विचारलं आणि सांगितलं, काका, तुमचं वय उलटून गेलंय, नाही घेता येणार. भावोजी तिथेच रडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

मग बायका निघाल्या. दोन रिक्षा भरून. तिला घ्यायचं नसेल न घेवो, आपण देऊन तर ठेवू, मग नकार कसा देते बघू, असा देसाईवहिनींचा हिशेब. एकेकीचं बोट टोचलं आणि एकेक बाई बाजूला. हिमोग्लोबिन कमी. हिचं कमी, तिचं कमी, माझं कमी. इतक्या वर्षांत एकीचंही काही वाढलं नव्हतं. एकटी नसरीन पास झाली, नवीन भाडेकरू, नया नगरातल्या शाळेत शिकवते, आणि आम्ही तिला अजून वाटीसुद्धा पाठवली नव्हती.

आम्ही परत आलो तर कुंदाताई पॅसेजमध्ये भिंत धरून उभी. काय झालं ते ऐकलं आणि तिच्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर कुठून तरी लाली आली.

"सगळ्या? एकजात सगळ्या?" ती म्हणाली. "अगं, मला रोग होता म्हणून मी पहिली आले. तुम्हाला तर काही रोग नाही. तुमचं रक्त गेलं कुठं? खरवडून उरलेलं खाता तुम्ही, मला माहीत नाही होय? नवऱ्याला मासा, पोरांना अंडं, आणि आपण कढीभात."

देसाईवहिनी पिशवीत चावी शोधायला लागल्या.

"ऐका," ती म्हणाली. "मी घेते रक्त. पण माझ्याकडून रोज वाटी येईल. ती खायची. घरी न्यायची नाही, नेलीत तर नवरा खाईल. इथं, माझ्यासमोर, उभ्यानं खायची. आणि वाटी रिकामी द्यायची."

आम्हाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"रिकामी," ती पुन्हा म्हणाली. "साखरेचा दाणा जरी दिसला तर बघा."

दुसऱ्या दिवसापासून भावोजींचा स्वयंपाक सुरू. तिनं खुर्चीवरून सांगायचं, त्यांनी करायचं. माठाची भाजी, चवळी, अळिवाची खीर, नाचणीचं काहीबाही. सकाळी पॅसेजमध्ये आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या रांगेनं उभ्या राहून खात असू आणि ती दारात खुर्ची टाकून एकेकीच्या वाटीत डोकावून बघायची. आमच्या डॉक्टरांना विचारून ज्यांना लागत होत्या त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आणि हंसाबेनना तिनं वर बोलावून सांगितलं, "बेन, आपकी वो लाल दवा बहुत अच्छी है. अब इन लोगों को पिलाओ." हंसाबेन माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देखा? मैं तो पहले से बोल रही थी." मी मान खाली घालून खीर खाल्ली.

चार-सहा महिन्यांनी मी रक्तपेढीत बोट पुढे केलं आणि त्या माणसानं आत जायला सांगितलं. पिशवी भरताना मी विचारलं, हे कुणाला जाणार? तो म्हणाला, ते नाही सांगता येत, ताई. बाहेर आले आणि त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर गेले, कारण कुंदाताईचा रक्त चढवायचा दिवस होता. तेव्हा ती महिन्यात बरेचदा तिथे असायची. पिशव्या तिला पुरेनाशा झाल्या होत्या, हे डॉक्टरीणबाईंनी मला आणि भावोजींना सांगितलं होतं. तिला सांगायची गरज नव्हती.

तिला मी घरी, अंथरुणावर, नंतरही पाहिली. पण ती कुंदाताई म्हणून मी धरत नाही. माझी कुंदाताई त्या दिवशीची. डाव्या हाताला सुई, वर लाल पिशवी, थेंब थेंब पडतोय. मी माझ्या दंडावरची पट्टी दाखवली. तिनं ती बोटानं चाचपून बघितली, नीट चिकटलीय का ते. तिचे पाय त्या दिवशी हलत नव्हते. पण उजवा हात चादरीवर फिरत होता, तर्जनी पुढे काढून, सावकाश, दगडासारखी स्थिर. मला आधी वाटलं खाज सुटलीय.

"काय करतेस?"

"नाव घालतेय."

मी वाकून बघितलं. चादरीवर काय दिसणार? तिनं बोटानं पुन्हा काढून दाखवलं, एकेक अक्षर, "यांजकडून, कुंदा साळवीस सप्रेम."

"आणि आधी? कुणाकडून?"

तिनं वर पिशवीकडे बघितलं, मग माझ्या पट्टीकडे, मग खोलीतल्या इतर खाटांकडे.

"जागा सोडलीय," ती म्हणाली.